चिमणीहून छोटा, उलटा लटकणारा पोपट: माहिती हवी आहे

रानवाट:
नमस्कार मंडळी. दोडामार्ग तालुक्यात मिरीचे वेल चढवलेले पांगारे सध्या फुललेत. त्यांवर सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान चार-पाच हिरवे पक्षी येतात. शेपटी जवळजवळ नाहीच, चोच लाल, देठाला उलटे लटकून फुलातला रस पितात. कुणी पिचू म्हणतं, कुणी म्हणतं पोपटाची पिल्लं. नक्की काय आहे? नर-मादी कशी ओळखायची? नेटवर लाल डोक्याचा एक फोटो दिसतो, तो यांचाच नर का? आणि मुख्य प्रश्न: शेजारच्या वठलेल्या आंब्याच्या भोकात यातला एक शिरताना दिसला. ते खोड याच महिन्यात पाडायचं ठरलंय.

हिरवाकंच:
हा लटकन पोपट. पिचू पोपट, भुंडा पोपट ही याचीच नावं. शास्त्रीय नाव लोरिक्युलस व्हर्नालिस. व्हर्नालिस म्हणजे वसंतातला, आणि पांगारा फुलतो त्या दिवसांत तो सहज नजरेस पडतो, म्हणून नाव शोभतं.

पिल्लू नाही. पूर्ण वाढलेला पक्षीच जेमतेम १४ सेंमी भरतो. आपला नेहमीचा पोपट शेपटीसकट ४० सेंमीच्या आसपास असतो. पोपटाची पिल्लं ढोलीतून उडतात तेव्हा शेपटी सोडली तर अंगाने आईबापांच्या जवळपास पोचलेली असतात. त्यामुळे चिमणीएवढा पोपट नीट उडताना दिसला की पिल्लाचा तर्क तिथेच बाद.

पाठीमागून पाहा. कंबरेपासून शेपटीपर्यंत गडद लाल रंग असतो, पण बसल्यावर पंखांनी बराचसा झाकला जातो. उडताना तो लख्ख दिसतो. खालून पाहिलं तर पंखांची आणि शेपटीची आतली बाजू निळसर हिरवी. नराच्या गळ्यावर छोटा निळा डाग असतो, मादीला तो नसतो किंवा अगदी पुसट असतो. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे उन्हाकडे तोंड करून पाहणं. मग निळा रंग काळपट दिसतो किंवा दिसतच नाही, म्हणून ऊन आपल्या पाठीवर घ्या. दुसरी म्हणजे निळा डाग नाही म्हणून लगेच मादी ठरवणं. यंदाच्या पिल्लांनाही तो नसतो. डोळा पाहा: मोठ्या पक्ष्याचा फिकट पांढुरका, पिल्लाचा तपकिरी.

पांगाऱ्यावर हरेवाही येतो, तोही हिरवागार. त्याची चोच बारीक, काळी, जराशी वाकलेली. पोपट फांदीवरून चढताना चोच तिसऱ्या पायासारखी वापरतो, आधी चोचीने धरतो आणि मग पाय टाकतो. हरेवा असं कधीच करत नाही. हालचाल एवढी बघितली तरी पुरे.

लाल डोक्याचा पक्षी श्रीलंकेतला. वेगळी जात आहे, तिथेच सापडते. नेटवर दोघांचे फोटो सर्रास एकत्र होतात.

ढोली:
वर उत्तर छान आलंय. खोडाचं बोलतो, कारण तेच तातडीचं आहे: पाडणं थांबवा.

जानेवारी ते एप्रिल हा यांचा विणीचा काळ. हा पक्षी ढोली स्वतः कोरत नाही. तांबटाची किंवा सुताराची जुनी भोकं, नाहीतर लाकूड कुजून झालेली पोकळी, हीच त्याची घरं. म्हणजे त्याला वठलेलं झाडच लागतं. फुलझाडं आपण हौसेने राखतो, आणि सुकलेलं खोड 'कशाला ठेवायचं' म्हणून शिमग्याआधी जळणाला जातं. नेमक्या त्याच दिवसांत आत अंडी असतात. साधारण तीन, पांढरी. ढोलीतली अंडी बाहेरून दिसत नाहीत, म्हणून तोडणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आत वीण आहे का हे चढून, काठी घालून किंवा बॅटरी मारून पाहू नका. वीस-पंचवीस मीटरवर आडोशाला बसा आणि सकाळचा एक तास नजर ठेवा. मादी पानाच्या कडेला चोचीने एकापुढे एक चिमटे घेत जाते आणि लांबट पट्टी कापून काढते. ती पट्टी चोचीत न्यायची नाही. मान मागे वळवून कंबरेच्या पिसांत खोचायची आणि तशीच उडायची. काही पट्ट्या वाटेत पडतात. खोडाखाली अशा कापलेल्या हिरव्या पट्ट्या सापडल्या तर ढोलीत अस्तर घातलं जातंय असं समजा. आफ्रिकेतल्या खऱ्या लव्हबर्डच्या काही जातीही अशाच पट्ट्या नेतात, आणि ते याचे जवळचे नातेवाईक. (आपल्या बाजारात लव्हबर्ड म्हणून बहुधा बजरीगर विकतात, ते ऑस्ट्रेलियातले.)

खोड घरावर झुकलेलं असेल तर धोक्याच्या फांद्या आणि शेंडा पाखरं उडून गेल्यावर उतरवा, भोकाखालचा आणि वरचा दोन-तीन हात बुंधा उभा ठेवा. तांबट आणि दयाळही तो वापरतील.

मिरवेल:
पांगाऱ्याबद्दल एक. मिरीला ऊन मिळावं म्हणून फांद्या छाटाव्याच लागतात, पण थंडीत छाटलेल्या झाडाला त्या हंगामात फूल येत नाही. कुंपणाकडेची तीन-चार झाडं न छाटता सोडा, मिरीचं काही बिघडत नाही. पांगारा आणि सावर आटोपली की हे पक्षी उंबरावर आणि बांडगुळावर जातात. कलमांवरचं बांडगूळ काढायलाच हवं, त्यात दुमत नाही. रानातल्या झाडांवरचं मात्र राहू द्या.

आणि कृपया कुणी पिंजऱ्याचा विचार करू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, शिवाय रस आणि मऊ फळांवर जगणारं हे पाखरू दाण्यावर तगत नाही. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर दूध, भात, मिरची काही देऊ नका, तोंडात पाणी ओतू नका. पंख फुटलेलं आणि धडधाकट असेल तर जवळच्या फांदीवर ठेवून लांब व्हा. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

रानवाट:
सगळ्यांचे आभार. आज सकाळी खोडाखाली पाहिलं, बोटाच्या पेराएवढ्या सात पट्ट्या पडल्यात, कडा करवतीसारख्या. मालकांना दाखवल्या, ते थांबायला तयार आहेत. किती दिवस थांबायला सांगू?

ढोली:
उत्तम. अंडी उबायला तीन आठवडे, पिल्लं उडायला आणखी पाच, आणि अस्तर व अंडी घालण्याचा एखादा आठवडा. आता फेब्रुवारी संपतोय, तेव्हा एप्रिल अखेर सांगा. एक भीती असते: मादी उबवत असताना दिवसभर ढोलीत हालचाल दिसत नाही आणि लोकांना वाटतं, पक्षी सोडून गेला. तेव्हा मालकांना आजच सांगून ठेवा, की मार्चमध्ये खोड शांत दिसलं तरी ते रिकामं नाही.