‘इरॉटिक थ्रिलर’ला मराठीत काय म्हणाल?

लुचिओ फुल्चींवर लेख लिहितोय. ‘झोम्बी २’ (१९७९) आणि ‘द बियॉन्ड’ (१९८१) या भयपटांमुळे हा इटालियन दिग्दर्शक आपल्याकडच्या भयपटवेड्यांना ठाऊक आहे. पण १९८६ साली त्यांनी ‘सैतानाचा मध’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. शस्त्रक्रियेत प्रियकर दगावतो, म्हणून एक तरुणी त्या सर्जनलाच डांबते, त्याचे हाल करते, आणि त्यातूनच दोघांत ओढ निर्माण होते. ‘शृंगारिक थरारपट’ लिहिलं आणि खोडलं. दुसरा शब्द सुचतो का?

—

खोडलंत ते बरं केलंत. ‘साहित्यदर्पण’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात शृंगाराच्या विरोधी रसांत बीभत्स आणि भयानक दोन्ही आहेत. फुल्ची नेमके हेच रस एकत्र आणतात. ‘शृंगारिक’ म्हटलं की आपल्याला लावणी आठवते. ‘कामुक’ही नको, तो शब्द माणसाला किंवा नजरेला लावतात.

—

इटालियन लोक अशा चित्रपटांना ‘जाल्लो’ म्हणतात, म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या, तेव्हापासून तो शब्द रूढ झाला. फुल्चींनी १९६९ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत घडणारा असा एक चित्रपट केला होता, त्यामुळे ८६चा हा प्रकार त्यांना नवा नव्हता. भाषांतरात मात्र जपा. मराठीत ‘पिवळी पुस्तकं’ म्हणजे अश्लील पुस्तकं, रहस्यकथा नव्हेत. ‘पिवळा चित्रपट’ लिहिलंत तर वाचकाचा भलताच समज होईल.

—

मी ‘वासनापट’ सुचवेन. वासना म्हणजे नुसती कामेच्छा नव्हे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘काहीतरी वासना राहिलीय.’ म्हणजे मेलेल्याची अडकलेली इच्छा. शरीराची ओढ आणि मेलेल्याचं मागे रेंगाळणं, दोन्ही एकाच शब्दात आलं. माझ्या माहितीत असा दुसरा शब्द नाही.

—

‘वासनेला बळी पडली’ छापाच्या बातम्यांनी तो शब्द फार मळलाय, हीच काय ती धास्ती. पण कावळ्याचा दाखला अगदी पटला. या चित्रपटातही मेलेला प्रियकर तरुणीच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतो आणि सर्जनचे हाल चालू असतानाही तिची पाठ सोडत नाही. शीर्षकात ‘वासनापट’ घेतो, आणि पहिल्याच परिच्छेदात पिंडाचा उल्लेख करतो, म्हणजे अर्थ कुठून घेतलाय ते कळेल.