मदत हवी आहे: ऑर्डरी येतात, पैसे उरत नाहीत

यावलची_सून: वैतागलेय. ई-कॉमर्सचा तीन महिन्यांचा कोर्स केला, सर्टिफिकेट भिंतीवर आहे. कॅटलॉग, कीवर्ड, पांढऱ्या पडद्यावरचे फोटो, सगळं शिकवलं. साइटवर दुकान टाकलं, मार्चपासून ऑर्डरी येतायत. पण खात्यातला आकडा बघून सासूबाई विचारतात, "फुकट वाटतेस का?" कुठे चुकतंय? लवकर सांगा, उद्या सहा पार्सलं न्यायला माणूस येणार आहे.

तापीकाठ: ताई, विकता काय ते तर सांगा.

रीलवाला_धुळे: ती साइट सोडा. स्वतःची वेबसाइट अन् रोज एक रील. मी नंदुरबारची मिरची तशीच विकतो, कमिशनची भानगडच नाही.

हिशेबनीस: अहो, ऑर्डरी त्यांना आहेत. शीर्षक तरी वाचा.

यावलची_सून: ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आपले खान्देशी पापड. ३८० रुपये किलो. अजून काय सांगायचं?

हिशेबनीस: कुरियरचं भाडं कोणाकडे? पार्सलं परत किती येतात?

चाळीसगावकर: जीएसटी नंबर आहे का? ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय साइटवर माल विकता येतो, पण फक्त राज्यातल्या राज्यात. आणि पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेचा, १४ आकडी नंबर हवा.

यावलची_सून: ते सगळं कोर्सच्या सरांनी करून दिलंय. भाडं माझ्याकडे. कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली, पाच पार्सलं परत आली होती, नुसता चुरा. आता 'वेट डिस्क्रेपन्सी', म्हणजे वजनात फरक, म्हणून पैसे कापतात. मी किलोभरच पाठवते हो! काटा सोनाराकडून तपासून आणलाय.

हिशेबनीस: खोका केवढा?

यावलची_सून: दिरांच्या मेडिकलमधले सलाइनचे खोके. फुकट मिळतात. वरची मोकळी जागा रद्दीने भरते.

हिशेबनीस: सापडलं! टेप घ्या. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. बरेच कुरियरवाले असंच वजन काढतात. हे आणि काट्यावरचं, जे जास्त त्याचं भाडं. गाडीत जागा अडते ना.

यावलची_सून: ४२, ३४, २२. म्हणजे ६.२८??

हिशेबनीस: अर्ध्या किलोचा टप्पा असेल तर साडेसहा किलोचं भाडं. किलोभर बिबड्यांना.

तापीकाठ: बिबडी जेमतेम चार इंची थापा. २० बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात चार चळती बसतात. उंची १८ धरली तरी दीड किलोत काम होतं.

फैजपूरचे_नाना: चार इंची? ती बिबडी का बिस्कीट? आमची माय ओल्या फडक्यावर भाकरीएवढी थापायची. अन् अर्धी वाळलेली खाटेवरून उचलायची, कच्चं तेल, शेंगदाणे... ते कुरियरने जातं का भो?

तापीकाठ: नाना, भाडं तुम्ही भरता का मग?

फैजपूरचे_नाना: चवीचं बोलतोय मी.

यावलची_सून: भांडू नका. सासूबाई म्हणतात लहान थापल्या तर दुप्पट वेळ लागेल, अन् बायांची रोजंदारी कोण देणार? ते नंतर बघू. उद्याच्या सहांचं काय?

हिशेबनीस: खोक्याचे चारही कोपरे वरून अर्ध्यापर्यंत चिरा, बाजू आत दुमडा. उंची ११ झाली की ३.१४, म्हणजे साडेतीन. आणि ती रद्दी काढा.

यावलची_सून: कटर सापडेना. विळ्याने चिरतेय.

रीलवाला_धुळे: त्याचं रील काढा ना ताई.