मदत हवी आहे: क्यू, जे, एक्स, झेड असलेले लांबलचक इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ

नमस्कार मंडळी,

शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शब्दांचा एक खेळ तयार करते आहे. त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

इंग्रजीत सगळ्यांत कमी वेळा येणारी अक्षरं म्हणजे झेड, क्यू, जे आणि एक्स. स्क्रॅबलच्या इंग्रजी संचात १०० ठोकळे असतात, त्यात या चौघांचा प्रत्येकी एकच. क्यू आणि झेडला १० गुण, जे आणि एक्सला ८. मला असे शब्द हवेत ज्यात या चारपैकी निदान दोन अक्षरं येतात, ज्यांची लांबी दहाच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे, आणि ज्यांचा अर्थ मुलांना शब्द फोडून सांगता येतो.

ही शेवटची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लांब शब्दांच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात, पण त्यांत नुसती लांबी मिरवलेली असते. फुप्फुसाच्या आजाराचा तो ४५ अक्षरी शब्द सगळ्यांना माहीत आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या कोडीप्रेमींच्या संघटनेच्या अध्यक्षांनी तो मुद्दाम लांब घडवला, आणि एवढ्या ४५ अक्षरांत या चारपैकी एकही नाही!

माझ्याकडे आतापर्यंत जमलेले शब्द सांगते, म्हणजे काय हवंय याचा अंदाज येईल.

सगळ्यांत आवडता आहे झोओझँथेली. १३ अक्षरं, सुरुवातीला झेड आणि मध्ये एक्स. ग्रीकमध्ये 'झोऑन' म्हणजे प्राणी, 'झँथॉस' म्हणजे पिवळा, पुढचा भाग 'इवलासा' असं सुचवतो आणि शेवट लॅटिन अनेकवचनाचा. म्हणजे 'इवले इवले पिवळे प्राणी'. खरं तर हे प्राणी नाहीत, प्रवाळांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं आहेत. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून ती प्रवाळाला पोसतात, प्रवाळाचा तपकिरी-पिवळसर रंगही बराचसा त्यांचाच. समुद्राचं पाणी जास्त तापलं की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. एका शब्दातून मुलं थेट प्रवाळभित्तींपर्यंत पोहोचतात, म्हणून हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

दुसरा, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. १८ अक्षरं, एक्स आणि क्यू दोन्ही. हे हिवतापावरचं औषध २०२० साली घरोघरी माहीत झालं. 'हायड्रॉक्सि'मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन, 'क्लोरो'मध्ये क्लोरीन, आणि 'क्विन' आलं क्विनीनवरून. क्विनीन सिंकोना झाडाच्या सालीतून मिळतं, आणि त्याच्या नावाचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या 'साल' या अर्थाच्या शब्दात आहे.

तिसरा जक्स्टापोझिशन, १३ अक्षरं. लॅटिन 'जक्स्टा' म्हणजे शेजारी. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवणं, बहुधा त्यांतला फरक दिसावा म्हणून.

आता अडचणी. जे आणि झेड एकत्र असलेला चांगला शब्द सापडत नाही, जे आणि क्यूचा तर नाहीच. शिवाय शब्दकोशात आद्याक्षरावरून शोधता येतं, मधल्या अक्षरांवरून कसं शोधायचं? आणि एक्सचा उच्चार कुठे 'क्स', कुठे 'झ', हे मुलांना नियम म्हणून कसं सांगू?

प्रतिसाद:
जे आणि झेडसाठी 'जेपर्डाइझ' घ्या. बरोबर १० अक्षरं, अर्थ धोक्यात घालणं. मूळ जुन्या फ्रेंचमधलं 'ज्यु पार्ती', म्हणजे वाटला गेलेला डाव. बुद्धिबळात वगैरे दोन्ही बाजूंना सारखीच संधी असली, निकाल कुठेही झुकू शकला, की त्या स्थितीला हे म्हणत. त्या अनिश्चिततेतूनच पुढे धोक्याचा अर्थ आला. शब्दखेळात खेळातूनच आलेला शब्द, छान बसेल.

जे कमी सापडण्याचं कारणही मुलांना सांगा. हे अक्षर फार उशिरा स्वतंत्र झालं. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या शब्दकोशातसुद्धा आय आणि जेचे शब्द एकत्रच लावलेले आहेत. इंग्रजीतले जेचे बरेच शब्द फ्रेंच-लॅटिनमधून आले, आणि जे बहुधा शब्दाच्या किंवा त्यातल्या एखाद्या घटकाच्या सुरुवातीला येतो: ऑब्जेक्ट, इंजेक्शन, सब्जेक्ट. तेव्हा उपसर्ग धरून शोधा.

धागाकर्ती:
वा, जेपर्डाइझ नक्की घेते. पण अशा क्रियापदांत ब्रिटिश पुस्तकं झेडऐवजी एस लिहितात ना? ट्रँक्विलायझर (क्यू आणि झेड, १२ अक्षरं) याच शंकेमुळे बाजूला ठेवला होता.

प्रतिसाद:
बिनधास्त घ्या. तो प्रत्यय ग्रीकमधून आलेला, आणि ग्रीकमध्ये तिथे झेडच आहे. ऑक्सफर्डचा शब्दकोशही झेडचं स्पेलिंग आधी देतो. ते फक्त अमेरिकन आहे हा समज चुकीचा. मुलांना दोन्ही रूपं सांगा, गुण झेडला द्या.

शोधण्यासाठी वनलूक हे संकेतस्थळ वापरा. अज्ञात अक्षरांच्या जागी तारांकित चिन्ह टाकायचं: तारा, क्यू, तारा, झेड, तारा असं लिहिलं की आधी क्यू आणि नंतर झेड असलेले शब्द येतात. क्रम उलटा करून पुन्हा शोधायचं, नाहीतर अर्धे शब्द निसटतात.

प्रतिसाद:
एक्सबद्दल. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्दाच्या सुरुवातीला 'क्स' येत नाही, म्हणून झायलोफोन, झेरॉक्स. शब्दाच्या आत बहुधा 'क्स', आणि पुढच्या स्वरावर आघात असेल तर 'ग्झ', जसं एग्झॅम. तुमच्या झोओझँथेलीत एक्स मध्ये असूनही 'झ' होतो, कारण तिथे 'झँथ' हा वेगळा घटक सुरू होतो. शब्द फोडला की उच्चारही आपोआप सुटतो.

यादीत 'एक्सचेकर' घाला. एक्स आणि क्यू, ९ अक्षरं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या महसुलाचा हिशेब चौकटींचं कापड पसरलेल्या मेजावर सोंगट्या मांडून करत. ते बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं, म्हणून पटाचंच नाव खजिन्याला पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो शब्द आजही आहे.

धागाकर्ती:
'झँथ'चा मुद्दा अगदी हवा तसा मिळाला, मनापासून आभार. एक्सचेकर ९ अक्षरी असला तरी घेतेच, त्याची गोष्ट सोडवत नाही.

आता जे आणि क्यू तेवढे राहिले. तारांकित शोधात 'जॅकार्ड' मिळाला, नक्षी विणणाऱ्या मागाचा. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४च्या सुमारास तो माग तयार केला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी ठरायची. गोष्ट उत्तम आहे, पण अक्षरं आठच आणि मूळ आडनावात. याहून लांब, फोडता येईल असा जे-क्यूचा शब्द कुणाला ठाऊक असेल तर कृपया अर्थासकट इथे लिहा.