मदत हवी आहे: मुलाचं ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन रात्रीच का? सेकंड शिफ्टमुळे अडचण (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला, उंची पहिलीतल्या पोरांएवढी. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी उंचीचा तक्ता भरला, डाव्या पंजाचा एक्स-रे काढला. हाडांचं वय साडेसहा निघालं. त्यांनी पुण्याला पाठवलं. तिथे उपाशीपोटी दोन टेस्ट झाल्या, एक क्लोनिडिनची, एक ग्लुकागॉनची, म्हणजे औषध देऊन हार्मोन किती सुटतं ते बघायचं. थोड्या थोड्या वेळाने रक्त काढत होते, पोरगं रडून दमलं. दोन्हीत ग्रोथ हार्मोन कमी. एमआरआयमध्ये पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालची हे हार्मोन सोडणारी ग्रंथी, लहान दिसली, गाठबीठ काही नाही. मग रोजचं इंजेक्शन सुरू केलं, पेनचं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज रात्री झोपायच्या आधी, शक्यतो एकाच वेळी.

अडचण इथंच आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड. सेकंड असली की घरी यायला पावणेबारा होतात, आणि पोरगं साडेनऊलाच गार. आमच्या मिसेस सुई बघितली की थरथरतात, त्यामुळे टोचायचं काम माझ्याकडे.

त्यात मेहुण्याने एक व्हिडिओ पाठवला. त्यातला माणूस म्हणतो, झोपेत शरीर स्वतःच हार्मोन सोडतं. नेमकं तेव्हाच बाहेरून दिलं की मेंदूला वाटतं आता गरज नाही, आणि जे थोडंफार तयार होतंय तेही बंद पडतं. म्हणून सकाळी द्या. ऐकायला बरोबर वाटतंय की ओ! आणि मला सकाळ सोयीचीपण आहे. पुण्याची पुढची तारीख तीन महिन्यांनी, फोन केला तर रिसेप्शनच्या पुढे जात नाही.

सकाळी दिलं तर चालेल का? का मध्यरात्री झोपेतून उठवून द्यावं? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

सातरस्ता

सरळ सकाळी द्या. आमचे वडील इन्सुलिन इतकी वर्षं सकाळीच घेतात, काही झालं नाही.

शेंगाचटणी

दादा, माझ्या मुलीला टर्नर सिंड्रोम आहे (मुलींमधला जन्मजात आजार, उंची कमी राहते), तिचंही हेच औषध बरेच दिवस चालू आहे. वेळेचं कुणी जाणकार सांगेलच, मी टोचण्याचं सांगते. उठवायची गरजच नाही. ती झोपलेली असतानाच मी मांडीला देते, एक दिवस डावी, एक दिवस उजवी, आणि प्रत्येक वेळी जागा थोडी सरकवायची. एकाच ठिकाणी देत राहिलं तर तिथली चरबी बसते आणि खड्डा पडतो. सुई इतकी बारीक असते की बऱ्याचदा ती कूससुद्धा बदलत नाही.

वहिनींना सांगा, भीती सुईची नसते, आपल्या हाताने लेकराला दुखेल याची असते. मीपण पहिल्यांदा नणंदेला बोलवायचे. आधी मोसंब्यावर टोचून बघायला सांगा.

पांढरा_डगला

मी सोलापुरातच लहान मुलांचा डॉक्टर आहे, हार्मोनतज्ज्ञ नाही. तुमच्या मुलाचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे वेळ बदलायचा निर्णय पुण्याच्या डॉक्टरांचाच. पण त्या व्हिडिओतली गोष्ट अर्धी खरी आहे म्हणून सविस्तर लिहितो.

खरी अर्धी बाजू अशी. पिट्युटरी हे हार्मोन नळासारखं सतत सोडत नाही, दिवसभरात काही उसळ्या येतात. सगळ्यात मोठी उसळी झोप लागल्यावर पहिल्या तासाभरात, गाढ झोपेत येते. मधल्या वेळात रक्तातली पातळी इतकी खाली असते की मोजायला जड. म्हणूनच कधीही रक्त काढून ग्रोथ हार्मोन तपासण्यात अर्थ नसतो, आणि तुमच्या मुलाला ती रडवणारी टेस्ट करावी लागली. बाहेरून हार्मोन दिलं की स्वतःचं उत्पादन दबतं, हेही खरं.

आता चुकीची अर्धी. दाबण्याचं काम बरंचसं आयजीएफ-१ करतं. ग्रोथ हार्मोन यकृतात गेलं की तिथे आयजीएफ-१ तयार होतं, हाडाच्या टोकाशी वाढीचं बरंचसं काम तेच करतं, आणि मेंदूला ‘पुरे’ असंही तेच कळवतं. शरीराचं स्वतःचं ग्रोथ हार्मोन रक्तात जेमतेम वीस मिनिटांत निम्मं होतं. आयजीएफ-१ मात्र दुसऱ्या प्रथिनांना बांधलेलं असल्यामुळे तासन्‌तास टिकतं, दिवसरात्र जवळपास सपाट राहतं. म्हणजे तुम्ही सकाळी आठला टोचलं तरी रात्री दहाला आयजीएफ-१ चढलेलंच असणार. सकाळी देऊन रात्रीचं स्वतःचं वाचवू, हा हिशोबच जुळत नाही.

शिवाय वाचवायचं काय? दोन टेस्टमध्ये कमी आलं, म्हणजे मुळात तिथे फारसं नाही. आणि हे दबणं स्टेरॉइडसारखं नसतं. स्टेरॉइडची गोळी बरेच दिवस घेऊन एकदम बंद केली तर जिवावर बेततं. ग्रोथ हार्मोन थांबवलं की पिट्युटरी थोड्याच काळात जेवढी आधी चालत होती तेवढी चालू लागते. उंची वाढायची थांबली की औषध महिनाभर तरी बंद ठेवून मुलांची पुन्हा टेस्ट करतात, ती याच भरवशावर. त्यात काहींची पातळी चांगली येते आणि औषध कायमचं सुटतं.

मग रात्रीच का? निसर्गाशी जवळीक म्हणून. हे हार्मोन रात्रीच्या उपाशी काळात चरबी वितळवून शरीराला इंधन पुरवतं आणि इन्सुलिनच्या थोडं आड येतं. दिवसा आपण खात असतो, तेव्हा त्याची पातळी खाली असलेली बरी. संध्याकाळी दिलं की हे चक्र निरोगी माणसाच्या जवळ राहतं. हुबेहूब नक्कल मात्र कशानेच होत नाही. कातडीखाली दिलेलं औषध हळूहळू मुरतं, तीन ते सहा तासांनी शिखरावर जातं आणि निम्मा दिवस रेंगाळतं. नऊला दिलं तर शिखर मध्यरात्रीनंतर. झोपेच्या पहिल्या तासाची उसळी तुम्ही घड्याळ लावूनही गाठू शकत नाही, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झालं म्हणून जीव टांगणीला लावू नका.

उंचीसाठी मिनिटांपेक्षा नियमितपणा फार मोठा. पूर्वी हे आठवड्यातून तीनदा द्यायचे. तेवढंच औषध रोज थोडं थोडं दिलं की मुलं जास्त वाढतात, हे नंतर कळलं. जी मुलं वारंवार डोस चुकवतात त्यांची वाढ मंदावते. तुमच्या घरात धोका वेळेचा नाही, सेकंडच्या आठवड्यात डोस बुडण्याचा आहे. एखादा बुडालाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, नेहमीचाच द्या.

सातरस्ता, इन्सुलिनचा नियम इथे नाही लागत. त्याच्या वेळा जेवणाशी आणि साखरेशी बांधलेल्या असतात.

जुळे_सोलापूरकर, एक लक्षात असू द्या. डोकं जोरात दुखून उलट्या, दिसायला धूसर, किंवा मुलगा लंगडतोय, मांडी-गुडघा दुखतोय म्हणतोय, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

लोखंड_वाला

भारी माहिती सर. मी २४ वर्षांचा, जिम करतो. आमचा ट्रेनर म्हणतो की सकाळी उपाशीपोटी घ्यायचं, कारण रात्रीचं स्वतःचं तोवर संपलेलं असतं. मग ते बरोबर का वर्कआउटनंतर?

पांढरा_डगला

धडधाकट पिट्युटरी असलेल्या माणसाला याची बरोबर वेळ नसते. साखर वाढते, अंगावर पाणी चढतं, मनगटाची नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत हे स्पर्धेच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे बंद आहे. आणि ट्रेनरच्या बॅगेतल्या बाटलीत काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. वेगळा धागा काढा, इथे एका बापाचा प्रश्न चालू आहे.

जुळे_सोलापूरकर

डॉक्टरसाहेब, खूप आभार. दोनदा वाचलं, मिसेसनाही वाचून दाखवलं.

अजून दोन शंका. त्याच व्हिडिओत म्हणतात जेवणानंतर दोन तास देऊ नका, भाताने हार्मोन मरतं. आमच्यात रात्री भात असतोच. आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणे, ते खरं का?

पांढरा_डगला

भाताचं म्हणणं आलंय खऱ्या गोष्टीवरून, लावलंय चुकीच्या ठिकाणी. जेवणानंतर साखर चढते तेव्हा पिट्युटरी स्वतःचं हार्मोन सोडायचं कमी करते. टेस्ट उपाशीपोटी करतात त्याला हेही एक कारण. पण पेनमधलं औषध पिट्युटरीतून येत नाही, ते मांडीतून येतं. त्याला भात आडवा येत नाही. पोराला पोटभर जेवू द्या, वाढीला हार्मोनइतकंच अन्न लागतं.

आठवडी इंजेक्शन खरं आहे. अमेरिकेत २०२१ ते २०२३ या काळात अशा तीन औषधांना लहान मुलांसाठी मान्यता मिळाली. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यातही आहे: तिथे औषध आठवडाभर अंगात असतं, रात्रीची उसळी वगैरे काही नसते, तरी मुलं रोजच्या इंजेक्शनइतकीच वाढतात. तुमच्या मुलाला ते योग्य का, परवडेल का, हे पुण्यात विचारा.

शेंगाचटणी

दादा, लाइट जाते त्याचं बघा. पेन २ ते ८ अंशांत लागतं. काही पेन उघडल्यावर २५ अंशांपर्यंत ठरावीक दिवस चालतात असं कागदावर असतं, पण एप्रिलमध्ये आपल्या सोलापुरात घरात २५ कुठून आणणार? फ्रीजच्या दारात ठेवू नका, वरच्या बर्फाच्या कप्प्याजवळ तर नाहीच. गोठलं की ते गेलं, वितळवून वापरायचं नाही. आम्ही हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना थंड पिशवी नेतो, पण पेन टॉवेलात गुंडाळून, बर्फाला थेट टेकू देत नाही.

जुळे_सोलापूरकर

अपडेट देतो. रिसेप्शनवर सगळं लिहून व्हॉट्सअॅप केलं, संध्याकाळी डॉक्टरांचाच फोन आला. म्हणाले रात्रीचंच ठेवा, साडेआठ ते दहा कधीही चालेल. घरात दोघांनाही टोचता आलं पाहिजे. अगदीच जमलं नाही तर सकाळची कायमची एक वेळ ठरवू, पण एक आठवडा सकाळ, एक आठवडा रात्र असं करायचं नाही. तीन महिन्यांनी आयजीएफ-१ आणि थायरॉइड तपासून डोस बघतील.

मिसेसचं मोसंब्यावर टोचून झालं, परवा माझ्या देखत पोरालाही दिलं. डोळे मिटून देत होत्या, म्हटलं अहो निदान तुम्ही तरी उघडे ठेवा. पुढच्या आठवड्यात सेकंड आहे, बघू.

आता शेवटचं. सुया संपत आल्यात. इन्सुलिन पेनच्या सुया चालतात का? आणि वापरलेल्या कुठं टाकता?

शेंगाचटणी

पेनच्या डब्यातल्या कागदावर कुठल्या सुया बसतात ते लिहिलेलं असतं, तेवढ्याच घ्या. आमच्या पेनला मधुमेहवाल्यांच्याच बसतात, कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळतात. दर वेळी नवी. वापरलेल्या जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत साठवायच्या, बरणी भरली की दवाखान्यात नेऊन द्यायची. घंटागाडीत टाकू नका, कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला लागतात.