सॉल्व्हरला शिकवावं का? टेम्पोंच्या मार्गांवरून चर्चा

बिबवेवाडीकर:
मार्केट यार्डातून शहरभरच्या दुकानांना माल पोचवणाऱ्या टेम्पोंचे मार्ग ठरवणं हे माझं काम. दुकानं बहुतेक तीच, टेम्पो तेच. बदलतात फक्त ऑर्डरी. तरी सॉल्व्हर, म्हणजे सर्वात चांगले मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर, रोज पहिल्यापासून सुरुवात करतो. कालच्या उदाहरणांवरून त्याला शिकवायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. तो ब्रँच अँड बाउंड वापरतो: पर्यायांचं झाड वाढवायचं आणि जिथे आणखी चांगलं उत्तर असूच शकत नाही त्या फांद्या छाटायच्या. त्यात कुठल्या व्हेरिएबलवर, म्हणजे 'हा टेम्पो त्या दुकानाला जाईल का' अशा कुठल्या निर्णयावर, फांदी फोडायची, यावर बराचसा वेळ ठरतो. स्ट्राँग ब्रँचिंग ही निवडीची पद्धत प्रत्येक पर्यायासाठी एलपी (पूर्णांकांची अट सोडून दिलेलं सोपं गणित) सोडवून बघते. झाड लहान राहतं, पण तपासणीच महाग पडते. २०१९ मध्ये संशोधकांनी स्किप या सॉल्व्हरमध्ये ग्राफ न्यूरल नेटवर्कला (जोडण्यांच्या जाळ्यावरून शिकणाऱ्या मॉडेलला) स्ट्राँग ब्रँचिंगची नक्कल करायला शिकवलं. नेटवर्क चुकलं तरी उत्तर चुकत नाही, फक्त झाड वाढतं.

गणिती_कोथरूड:
'फक्त' कसं म्हणता? झाड वाढलं की सहाला हवं ते उत्तर नऊला मिळणार, तोवर टेम्पो निघून गेलेले असतात. विसर्जनाला लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असतात. जूनच्या डेटावर शिकलेलं मॉडेल तिथे काय करणार? शिवाय तुलना कुणाशी करता तेही बघा. मॅक्सिमम इंडिपेंडंट सेटसाठी (आपसात न जोडलेल्या बिंदूंचा सर्वात मोठा गट शोधण्यासाठी) गाजलेल्या न्यूरल पद्धतीला साध्या ग्रीडीने, म्हणजे दर पावलाला समोरचा चांगला पर्याय उचलणाऱ्या पद्धतीने, मागे टाकल्याचं २०२२ मध्येच दाखवलं गेलं. आणि कॉनकॉर्ड या सॉल्व्हरने ८५,९०० बिंदूंच्या टीएसपीचं (सगळे बिंदू एकेकदा गाठून परतणारी सर्वात छोटी फेरी शोधण्याच्या कोड्याचं) इष्टतम उत्तर २००६ मध्ये सिद्ध केलं, तेही असलं काही न शिकता.

बिबवेवाडीकर:
त्याला संगणकांची मिळून सुमारे १३६ वर्षं लागली, ताई! माझ्याकडे पहाटेचा तासभर असतो. विसर्जनाला मॉडेल बंद करून सॉल्व्हरचे मूळ नियम लावता येतात. उरलेलं वर्षभर फायदा का सोडायचा?

ओआरवाला:
दादा, आधी तुमचं फॉर्म्युलेशन, म्हणजे प्रश्नाची गणिती मांडणी, दाखवा. दहा टेम्पो एकसारखे आणि मॉडेलमध्ये प्रत्येकाला वेगळा नंबर असेल, तर नंबरांच्या अदलाबदलीने एकच उत्तर ३६,२८,८०० वेळा येऊ शकतं. सॉल्व्हर अशी सममिती बरीच ओळखतो, पण सगळी नाही. बिग-एमही (अट चालू-बंद करायला समीकरणात घातलेला मोठा आकडा) गरजेपेक्षा मोठा असेल तर बाउंड, म्हणजे फांद्या छाटायला लागणारे अंदाज, ढिले पडतात. हे तसंच ठेवून ट्रेनिंग केलं तर नेटवर्क त्या ढिल्या मांडणीतच वाट काढायला शिकेल.

गणिती_कोथरूड:
अगदी हेच. आणि वेळ मोजताना ट्रेनिंगचे तासही धरा.

बिबवेवाडीकर:
बिग-एम आजच घट्ट करतो. ट्रेनिंगचे तासही धरतो, पण वर्षभराच्या सगळ्या सकाळींवर वाटून. त्यानंतरही नेटवर्क हरलं तर इथे येऊन आकडे देईन.