शब्दचर्चा: 'ॲक्सेप्ट' आणि 'रिसीव्ह', दोन्हींना 'स्वीकारणे'च?

माटोळी
गोव्यात डिचोलीकडच्या मुलांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या सॉकेटवर, म्हणजे दोन प्रोग्रॅम नेटवर्कवर ज्या टोकांनी जोडले जातात त्यांवर, मराठी टिपणं लिहितेय. त्यात ॲक्सेप्ट हे फंक्शन आलेली जोडणी घेतं आणि रिसीव्ह आलेला डेटा. आपल्याकडे बहुतेकांचं चौथीपर्यंत मराठी, पुढे सगळं इंग्रजी. त्यामुळे शब्द इंग्रजीच तोंडात बसलेले असतात, पण डोक्यात गोष्ट उतरवायची वेळ आली की मुलं मराठीवर येतात. घोडं अडलंय ते 'रिसीव्ह'पाशी.

हाताशी एक जुना अनुवाद आहे. त्यात लिहिलंय, 'सर्व्हर जोडणी स्वीकारतो व त्यानंतर डेटा स्वीकारतो.' एका मुलाने ॲक्सेप्टने जे परत दिलं ते छापून पाहिलं आणि विचारलं, 'टीचर, स्वीकारून झालं, मग डेटा कुठे आहे?' ॲक्सेप्ट देतो एक नवं सॉकेट आणि पलीकडच्याचा पत्ता. डेटा त्यात नसतोच. मुलाने वाक्य बरोबर वाचलं होतं, वाक्यच खोटं होतं.

पुढे त्याच अनुवादात रिसीव्हच्या कंसातल्या १०२४ बद्दल '१०२४ बाइट स्वीकारा' असंही आहे. मी सरळ 'घेणे' लिहिलं. त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं, 'घेणे' बाजारातला शब्द, पुस्तकात 'प्राप्त करणे' हवं. तुम्ही काय लिहाल?

अर्धविराम
सहकाऱ्यांचं बरोबर आहे. जोडणी स्वीकारणे, डेटा प्राप्त करणे. दोन क्रिया, दोन शब्द. परिभाषेत एका संकल्पनेला एकच शब्द हवा आणि तो रोजच्या बोलण्यात इकडेतिकडे सांडणारा नको. 'घेणे' कशालाही चालतं: श्वास घेणे, नाव घेणे, मनावर घेणे. असा शब्द परिभाषा म्हणून कसा उभा राहील?

केरी घाट
माझा 'प्राप्त करणे'ला विरोध आहे, आणि तो अर्थावरून आहे. पदवी प्राप्त करतात, यश प्राप्त करतात. म्हणजे ठरवलं, धडपड केली आणि पूर्ण हातात आलं. रिसीव्हमध्ये यातलं काहीच नाही. १०२४ ही फक्त वरची मर्यादा. पलीकडून ५ बाइट आले असतील तर ५ देईल, दोन वेळा पाठवलेलं एकत्र साचलं असेल तर ते एकत्र देईल. टीसीपी म्हणजे सॉकेटमागे डेटाची ने-आण करणारी पद्धत. टीसीपीला निरोप कुठे सुरू झाला, कुठे संपला हे ठाऊकच नसतं, त्याच्या लेखी ती बाइटांची एकसलग रांग.

म्हणून मी 'मिळणे' म्हणेन. 'जास्तीत जास्त १०२४ बाइट, आले असतील तेवढे मिळतात.' किती मिळणार हे आपल्या हातात नाही, हे त्या क्रियापदातच आहे. मुलं घरी १२७.०.०.१ वर, म्हणजे एकाच मशीनवर, दोन्ही प्रोग्रॅम चालवतात, तिथे छोटा निरोप जवळजवळ नेहमी अखंड येतो, मग वाटतं जमलं. लॅबमध्ये दुसऱ्या मशीनवर मोठा मजकूर पाठवला की त्याचे तुकडे होतात. साध्या इथरनेटवर एका खेपेत टीसीपीचा मजकूर १४६० बाइटांपर्यंत बसतो, तेव्हा तुकडे होणारच. 'प्राप्त करा' शिकलेलं मूल नेटवर्कला शिव्या घालतं.

अर्धविराम
'मिळणे'ने आज्ञा कशी देणार? मुलगा लिहितो ती आज्ञा असते. 'घे' म्हणता येतं, 'प्राप्त कर' म्हणता येतं. 'मिळ' म्हणून पाहा.

केरी घाट
फंक्शनचं नाव इंग्रजीतच राहणार आहे. मराठी हवी ती समजावणाऱ्या वाक्याला.

जुनी वही
मी मडगावचा. नोकरी गेली कचेरीत, म्हणून तिथलाच शब्द सुचतो: आवक. आवक-जावक नोंदवही कोणत्या कचेरीत नाही? बाजारातही आज कांद्याची आवक किती असंच विचारतात, आणि ती किती होईल हे बाजार ठरवत नाही. केरी घाट यांना हवी असलेली छटा 'आवक'मध्ये आयती आहे.

शिवाय 'पावणे' विसरू नका. 'पत्र पावले' असं आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत सर्रास लिहीत. 'पावती' त्यातूनच आली. कोकणीत आजही घरी पोचलो याला 'घरा पावलो' म्हणतात. जो शब्द गोव्यात दोन्ही भाषांत जिवंत आहे तो सोडून संस्कृतच्या दारात का जायचं?

बिनतारी
वहीकाकांचा 'पावणे' फार चांगला आहे, पण तो रिसीव्हला लावला तर चूक पक्की होईल. मी पर्वरीला नेटवर्कचं काम बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेटा नेटवर्कवरून येतो तो आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडे, म्हणजे तिच्या गाभ्याकडे. कर्नल तो त्या सॉकेटच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि पलीकडच्याला पोच देतो. टीसीपीतल्या 'ॲक'ला मी कायम 'पोच'च म्हणतो, याहून नेमका शब्द नाही. हे सगळं होताना तुमचा पायथनचा प्रोग्रॅम झोपलेला असू शकतो. त्याने रिसीव्ह लिहिलेलंही नसेल, तरी डेटा पावलेला असतो आणि पोच गेलेली असते. म्हणजे पलीकडे पोच मिळाली याचा अर्थ प्रोग्रॅमने वाचलं असा होत नाही. मुलं नेमकी इथेच घसरतात.

मग रिसीव्ह काय करतो? बफरमध्ये आधीच येऊन पडलेल्यातलं १०२४ पर्यंत उचलतो. काही आलेलंच नसेल तर येईपर्यंत थांबतो. राहिलेलं तिथेच राहतं, पुढच्या वेळी उचलायला. आणि आपण उचललंच नाही तर बफर भरतो, कर्नल पलीकडच्याला कमी जागा कळवत जातो, शेवटी शून्य. मग पलीकडची पाठवणीच थांबते. रेशनच्या धान्याची उचल झाली की नाही, गोदामातून मालाची उचल किती, हे आपण बोलतोच. तोच शब्द घ्या. पावतं ते कर्नलला, उचलतो तो प्रोग्रॅम.

माटोळी
बिनतारी सर, पोच आणि उचल हा फरक तर मी उद्याच फळ्यावर काढणार. पण 'उचल' म्हटलं की आमच्याकडच्या कामगारांच्या घरात आधी आठवते ती पगारातली उचल, म्हणजे पुढचे पैसे आधीच घेणं. इथे तर अगदी उलट, आधी आलेलं मागाहून घेतोय. शिवाय 'उचलणे'ला चोरीचाही वास आहे.

बिनतारी
नाम नको, क्रियापद वापरा. 'बफरमधून उचला' म्हटल्यावर कोणाला चोरी आठवणार नाही.

रोंबट
तुमच्या भांडणात देवनागरीचे हाल कोणी बघत नाही, म्हणून हे.

'पणजी' हा शब्द पाठवा. प, ण, ज आणि दीर्घ ईची वेलांटी, चार चिन्हं. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, म्हणजे एकूण १२. आता रिसीव्हला १० ची मर्यादा द्या. तीन अक्षरं पूर्ण आणि वेलांटीचा एकच बाइट हातात येतो. तेवढ्यावर डीकोड केलं, म्हणजे बाइटांची पुन्हा अक्षरं करायला गेलं, की पायथन तक्रार करतो, डेटा मध्येच संपला म्हणून. हे बरं, निदान कळतं. मर्यादा ९ ठेवा, मग काहीच तक्रार नाही, पडद्यावर 'पणज'. वेलांटी मागे राहिली आणि कोणाला पत्ता नाही. १०२४ ला तरी ३ ने कुठे पूर्ण भाग जातो? ३४१ चिन्हं आणि वर १ बाइट.

इंग्रजी मजकुरावर शिकवणाऱ्याला हे आयुष्यभर दिसणार नाही, कारण तिथे अक्षराला १ बाइट. म्हणून माझं मत: शब्द कोणताही घ्या, पण 'मजकूर उचला', 'मजकूर मिळतो' असं लिहू नका. 'बाइट' लिहा. बाइट आधी गोळा करायचे, निरोप पुरा झाला की मगच डीकोड करून मजकूर. निरोप पुरा झाला हे कळायला आधी ४ बाइटांत लांबी पाठवायची, नाहीतर ओळ संपल्याची खूण ठरवायची.

केरी घाट
रोंबटभाऊ, वेलांटीचं उदाहरण मी माझ्या वर्गात घेतोय. अगदी हेच दाखवायला हवं.

माटोळी
याला धरूनच आणखी एक. रिसीव्हने शून्य बाइट दिले तर अनुवादात 'रिकामा डेटा प्राप्त झाला' असं आहे. एका मुलीने त्यावर 'अजून काही आलं नाही, पुन्हा बघू' असं समजून लूप फिरवला, तो थांबेचना. खरं तर शून्य बाइट म्हणजे पलीकडच्याने पाठवणं बंद केलं, आता काही येणार नाही. काही आलेलं नसेल तेव्हा तर रिसीव्ह परत येतच नाही, थांबून राहतो. याला काय म्हणावं? 'आवक बंद'?

जुनी वही
बघा, आला ना आवक कामाला! आवक थांबली आणि आवक बंद झाली, हा फरक बाजारातल्या हमालालाही कळतो.

बिनतारी
'आवक बंद' उत्तम. फक्त टीसीपीपुरतं, एवढं लिहून ठेवा. यूडीपीत, म्हणजे सुटे निरोप पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीत, शून्य बाइटांचा खराखुरा निरोपही येऊ शकतो, त्याचा अर्थ बंद असा नाही. आणि यूडीपीत मर्यादा छोटी दिली तर उरलेलं बफरमध्ये थांबत नाही. लिनक्सवर ते सरळ टाकून दिलं जातं.

अर्धविराम
सगळं मान्य, पण तुम्ही मंडळी क्रियापदावर एवढी झुंजता आणि 'सॉकेट' मात्र तसंच गिळता. खोबण आहे, खाच आहे. शाळेच्या पुस्तकात खांद्याला 'उखळीचा सांधा' म्हणतात, तिथला 'सॉकेट' म्हणजे उखळीच. मग इथे का नको?

केरी घाट
त्याच धड्यात शेजारी 'बिजागरीचा सांधा' आहे. बिजागरी पोर्तुगीज 'बिझाग्रा'वरून आली. चावी, पगार, पाव, बटाटा, घमेलं सगळी त्याच वाटेने आली. गोव्याच्या माणसाने शुद्धतेचा आग्रह धरला तर घरात कुलूप राहील, चावी राहणार नाही. सॉकेट राहू दे.

अर्धविराम
ती माणसं शब्दाबरोबर वस्तूही घेत होती आणि शब्द आपल्या उच्चारात मुरवत होती. 'बिझाग्रा' घेतली नाही, 'बिजागरी' केली. आपण आज मुरवत नाही, नुसते चिकटवतो. माझं दुखणं ते आहे आणि मला ते खरोखर लागतं.

जुनी वही
पोर्तुगीजचा विषय निघाला म्हणून सांगतो. भिंतीतल्या विजेच्या सॉकेटला पोर्तुगीजमध्ये 'तोमादा' म्हणतात, आणि 'तोमार' म्हणजे घेणे. म्हणजे त्यांच्या लेखी सॉकेट ही घेण्याचीच जागा. माटोळीताईंच्या 'घेणे'ला हा आधार धरा. इंग्रजी 'सॉकेट'चं मूळ तर जुन्या फ्रेंचमधल्या नांगराच्या फाळाच्या शब्दात आहे. फाळासारख्या भाल्याच्या टोकाला तो लागला आणि तिथून पुढे खोबणीला.

खाजन
फाळ नको नि उखळ नको. आपल्याकडे मानस आहे. नदीकाठच्या खाऱ्या, बांध घातलेल्या जमिनीतल्या खाजन शेतीच्या बांधातलं लाकडी दारांचं ते मुख. भरतीला नदीचं पाणी दार लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी दार उघडून बाहेर पडतं. ओहोटीच्या वेळी तिथेच जाळं लावून मासळी धरतात, त्या हक्काचा लिलाव होतो. जाळ्यात किती येईल ते भरती-ओहोटी ठरवते, जाळं किती मोठं त्यावर फक्त वरची हद्द. पाण्याला मोजमाप नाही, अखंड वाहतं. सॉकेट म्हणजे मानस आणि रिसीव्ह म्हणजे जाळं लावणं. डिचोलीच्या मुलांना नाही कळणार कदाचित, पण चोडण-दिवाडीच्या मुलाला एका वाक्यात कळेल.

बिनतारी
चित्र फार नेमकं आहे. पण मानशीतून पाणी एका वेळी एकाच बाजूला जातं, टीसीपीचं सॉकेट एकाच वेळी देतं आणि घेतंही.

खाजन
शिकवायला पुरे आहे. परिभाषा करा असं माझं म्हणणं नाही.

अर्धविराम
मी तर म्हणतो कराच. हा शब्द आपला आहे, मातीतला आहे. मग 'पोर्ट'ला, म्हणजे मशीनवरच्या कोणत्या प्रोग्रॅमकडे जायचं ते सांगणाऱ्या क्रमांकाला, काय? बंदर म्हणून चालणार नाही. '८०८० क्रमांकाचे बंदर' असं मी एका अनुवादात वाचलं आहे. मुलाच्या डोळ्यांपुढे मुरगावच येणार.

जुनी वही
पोर्तुगीजमध्ये दोन शब्द आहेत, 'पोर्तु' म्हणजे बंदर आणि 'पोर्ता' म्हणजे दार. इथला अर्थ दाराकडचा. अमुक क्रमांकाच्या दाराने आत या. तेव्हा 'दार' किंवा 'द्वार'.

रोंबट
'गेटवे'ला प्रवेशद्वार म्हणतात त्याचं काय करणार? दोन्हीकडे द्वार, म्हणजे पुन्हा 'स्वीकारणे'चाच घोळ.

जुनी वही
गेटवेला 'वेस' म्हणा. गावाबाहेर जायचं तर वेशीतूनच जावं लागतं, नेटवर्कबाहेर जायचं तर गेटवेमधूनच.

अर्धविराम
वेस मान्य. पोर्टला 'दार'पेक्षा 'दालन' पाहा.

केरी घाट
दालनात माणूस बसतो. पोर्ट हा नुसता क्रमांक असतो, ० ते ६५५३५. तिथे दार नाही आणि दालनही नाही.

माटोळी
वेस आणि दालन पुढच्या धड्याला. टिपणं या आठवड्यात छापायची आहेत. आत्ता वाक्य असं केलंय: 'ॲक्सेप्टने जोडणी स्वीकारा. मग बफरमध्ये आलेल्यांपैकी जास्तीत जास्त १०२४ बाइट रिसीव्हने घ्या. शून्य बाइट आले तर आवक बंद.' कोणाची हरकत?

बिनतारी
'घ्या'च्या जागी 'उचला'.

अर्धविराम
'बफर' तसाच ठेवला?