शब्दचर्चा : जाऊन येणे, वस्तीला येणे, राहायला येणे

प्रश्न

मे महिन्यात नवराबायकोनं मिळून आठवडाभर बेळगाव भागात फिरायचं आहे. थोडं बघायचं, थोडं पावण्यांकडं. घरच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर असा : "आम्ही उभयता १० तारखेपासून सहलीवर येत आहोत. सर्व पाहुण्यांच्या घरी भेट देऊ." यात काहीतरी खटकतंय. पुण्याकडचे म्हणतात, पाहुणे तर तुम्ही, मग पाहुण्यांच्या घरी कसे जाल? शिवाय 'सुटी' की 'सुट्टी'? आणि 'वस्तीला येतो' हे लिहिण्यात चालतं का?

निपाणीकर

हसणाऱ्यांना हसू द्या. पुण्यात पाहुणा म्हणजे घरी आलेला. इथं पावणा म्हणजे ज्याच्याशी सोयरीक आहे तो, मग तो तुमच्या सोप्यात बसलेला असो की स्वतःच्या शेतात. 'पावण्यांकडं जाऊन येतो' हे निपाणी, चिकोडी, खानापुरात आणि पलीकडं गडहिंग्लज-कोल्हापुरातही सरळ वाक्य आहे. मूळ संस्कृत 'प्राघुण', प्राकृत 'पाहुण'. जुन्या मराठीत 'पाहुणेर' म्हणजे पाहुणचार.

पण तुमच्या मजकुरातली खरी चूक वेगळी आहे. पावणे म्हणजे दिल्या-घेतल्या घरातले : मामा, आत्तीचे यजमान, मेव्हणा, साडू, व्याही. सख्ख्या चुलत्याला कोणी पावणा म्हणत नाही, तो भावकीतला. 'सर्व पाहुण्यांच्या घरी भेट देऊ' हे वाचून चुलता म्हणणार, म्हणजे आमच्याकडं येणार नाही होय? तेव्हा दोन्ही शब्द लिहा, 'पै-पावणे आणि भावकी', नाहीतर सरळ 'नातलग' लिहून मोकळे व्हा.

आणखी दोन अर्थ ध्यानात ठेवा. अनोळखी माणसाला हाक मारताना 'काय पावणं, कुठलं गाव?' असं म्हणतात. तिथं नातं नसतं, आदर असतो. आणि ज्या घरात लग्नाची मुलगी आहे तिथं 'रविवारी पावणे येणारायत' म्हणजे बघायला येणार आहेत, दुसरं काही नाही. अशा घरी 'रविवारी पावणे म्हणून येतोय' असा गमतीचा निरोप धाडू नये. शेजारी पोह्यांची तयारी विचारायला येतील.

शहापूरच्या बाई

'उभयता' लग्नपत्रिकेतला आणि सत्यनारायणाच्या आमंत्रणातला. तो दुसऱ्यानं तुमच्याबद्दल लिहायचा : 'उभयतांनी उपस्थित राहावे'. स्वतःबद्दल लिहिलं की आपणच आपल्याला मानाच्या पाटावर बसवल्यासारखं वाटतं. इथला शब्द 'जोडीनं'. 'जोडीनं येतोय', 'जोडीनं या'. हा नुसता 'दोघं मिळून' नव्हे. 'दोघं येतोय' म्हटलं तर दोन भावंडंही असू शकतात. 'जोडीनं' म्हटलं की यजमानीण मनात लगेच हिशेब मांडते : बाईची ओटी भरायची, म्हणजे खण, नारळ, तांदूळ किंवा गहू, हळकुंड, सुपारी, गड्याला टॉवेल-टोपी. लग्नाला वर्ष व्हायचं असेल तर साडी. म्हणून ज्यांची परिस्थिती बेताची आहे त्यांना 'जोडीनं येतोय' असं आधी कळवण्यापेक्षा 'तिकडून जाताना टेकून जातो' म्हणणं बरं. शब्दानं समोरच्यावर खर्च पडतो.

२०२६ सारखा अधिक ज्येष्ठ सुट्टीत आला (१७ मे ते १५ जून) तर जावयासाठी 'धोंड्याचं जेवण' आलं. त्या महिन्यात सासुरवाडीला 'सहज आलो' हे वाक्य कोणी खरं मानत नाही.

आता 'यजमान'. मराठीत जो पाहुणचार करतो तो यजमान, आणि बायको नवऱ्याचा उल्लेख करते तोही 'आमचे यजमान'. कन्नडातही नवऱ्याला 'यजमानरु' म्हणतात. मूळ अर्थ यज्ञ करणारा. तेव्हा 'यजमान स्टँडवर घ्यायला येतील' असं बाईनं लिहिलं तर कोणाचे यजमान हे उमजत नाही. 'मामा घ्यायला येतील' असं नात्यानंच लिहावं. 'पार्टनर' मात्र या भागात अजून वखारीत आणि दुकानात राहतो. मोठ्यांच्या कानाला तो भागीदारच वाटतो.

खानापूरकर

'वस्तीला' खुशाल लिहा. या भागात गावाला जाण्याची तीन मापं आहेत आणि तिन्ही क्रियापदात भरलेली आहेत.

'जाऊन येणे' : त्याच दिवशी परत. जेवण होईल, अंथरूण नको.
'वस्तीला येणे' : एक रात्र. सकाळच्या गाडीनं जाणार.
'राहायला येणे' : दोन किंवा त्याहून जास्त रात्री. यात पिशवीऐवजी बॅग असते.

याच्याही खाली 'तोंड दाखवून येणे' आहे, म्हणजे अर्धा तास आणि चहा. 'टेकणे' त्याहून कमी.

'वस्ती' बसच्या वेळापत्रकातही आहे. संध्याकाळी तालुक्याहून सुटून गावात रात्रभर थांबणारी आणि पहाटे परत निघणारी ती 'वस्तीची गाडी'. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. खानापूरच्या पश्चिमेला जंगलाकडच्या गावात ही बहुतेक दिवसाची शेवटची गाडी. आता चूक कुठं होते बघा. शहरातलं जोडपं 'संध्याकाळी जाऊन येतो' म्हणून कळवतं आणि वस्तीच्या गाडीनं उतरतं. परतीला गाडी नाही. घरच्यांनी दोन माणसांचा चहा धरलेला असतो, आता भात चढवायचा आणि अंथरुणं शोधायची. तुमच्या तोंडी 'जाऊन येतो' असलं तरी गाडी 'वस्ती' म्हणते, आणि घरचे गाडीवर विश्वास ठेवतात.

शब्दाचं मूळ 'वसति'. तोच शब्द जैन मंदिरासाठी कन्नडात 'बसदि' झाला आणि आपल्याकडं 'बस्ती'. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं ती बांधली. आत नेमिनाथ, आणि छताला दगडी कमळ. म्हणजे सकाळी किल्ल्यात बघितलेली बस्ती आणि रात्री पावण्यांकडची वस्ती ही मुळात एकाच शब्दाची दोन घरं. गाईड बस्तीचा अर्थ 'लोकवस्ती' सांगू लागला तर पुढं चला.

निपाणीकर

खानापूरकर, 'जाऊन येणे' म्हणजे त्याच दिवशी परत, हे काही पटत नाही ओ. 'काशीला जाऊन आले' म्हणतात की. काशीहून कोण संध्याकाळी परत येतंय?

खानापूरकर

देव वेगळे, पावणे वेगळे. काशीत कोणी तुमच्यासाठी भाकरी थापून बसलेलं नसतं. माणसाच्या घराबद्दल आणि पुढच्या काळात बोलताना, 'मामाकडं जाऊन येतो' म्हटलं, की मामी रात्रीचं धरत नाही. 'जाऊन आलो' या भूतकाळाला दिवसांचं बंधन नाही, तेवढं तुमचं मान्य.

शहापूरच्या बाई

निघतानाचा 'येतो' मात्र या हिशेबात धरू नका. निघताना 'जातो' म्हणायचं नाही म्हणून 'येतो' म्हणतात. कन्नड घरातही 'होगि बर्तेनि', म्हणजे जाऊन येतो, हाच निरोप. इथल्या बायकाही 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. त्यावरून कोणाचं व्याकरण काढू नये. पुण्या-मुंबईची नवी सून असेल तर तिला आधी सांगून ठेवा, नाहीतर सासूबाईंच्या तोंडून 'मी येतो' ऐकून ती मागं वळून बघते.

मास्तर, चिकोडी

'सुटी' आणि 'सुट्टी' दोन्ही 'सुटणे'चीच. छापील मराठीत दोन्ही चालतात, बोलण्यात इथं 'सुट्टी'. आपला शब्द पलीकडं गेला आणि उत्तर कर्नाटकाच्या कन्नडात 'सूटी' झाला. शाळेच्या पत्रकात मात्र 'रजे'. 'रजा' मूळ अरबी, अर्थ संमती. म्हणून रजा मागावी लागते, सुट्टी आपोआप 'लागते'. 'मला दहा दिवस सुट्टी लागली' असं नोकरदारानं म्हटलं तर कारखाना बंद पडला की काय असं वाटेल. त्यानं 'रजा काढली' म्हणावं.

'मे महिन्याची सुट्टी' हा शब्द सीमेवर फसवतो. कर्नाटकात शाळांना साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतात. महाराष्ट्रात सुट्टी सहसा मेच्या सुरुवातीला लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. संकेश्वरची मावशी आणि गडहिंग्लजचा मामा या दोघांची मुलं एकाच वेळी मोकळी हवी असतील तर मेचे पहिले तीन आठवडेच हाताशी. जूनमध्ये जोडीनं जाऊन इकडच्या घरी 'मुलांना घेऊन फिरायला चला' म्हटलं, तर मुलं दप्तराला कव्हर घालत बसलेली असतात.

'हाफ तिकीट'ही बदललं. पूर्वी हाफ म्हणजे पोरगं. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळं तिकडं 'एक फुल एक हाफ' म्हणजे नवराबायको. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यात राहणाऱ्या बायकांना राज्यातल्या राज्यात साध्या आणि वेगदूत गाड्यांत तिकिटाला पैसे नाहीत. पण तिकीट मिळतं, शून्य रकमेचं, आणि ते उतरेपर्यंत जपायचं. कर्नाटकाचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. पुण्यात आधार बदलून घेतलेल्या बेळगावच्या लेकीला कंडक्टर पूर्ण तिकीट फाडतो, आणि 'मी इथलीच की ओ' हे त्याच्यापुढं चालत नाही. माहेर कागदावर दिसत नाही.

गाड्यांवरच्या पाट्या कन्नडात असतात. नुसतं नाव विचारून चढावं, पण उच्चार जुळवून : आपलं सौंदत्ती तिकडं 'सवदत्ती', निपाणी 'निप्पाणी', चिकोडी 'चिक्कोडी'. 'बेळगावी' हे अधिकृत नाव २०१४ पासून, तोंडात बेळगावच.

खानापूरकर

आता 'सहल'. सहल शाळेची. मोठी माणसं 'फिरायला' जातात, तरुण 'ट्रिप'ला, आणि देव असेल तर 'देवाला'. 'देवाला जाऊन येतो' म्हटलं की कुठला देव हे घरच्यांना ठाऊक असतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला तर 'डोंगराला जाणे' एवढंच म्हणतात. बेळगावपासून हा डोंगर सत्तर-ऐंशी किलोमीटर पूर्वेला. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला दर्शनाची रांग लांबते. चैत्र पौर्णिमेला यात्रा असते. 'डोंगराला गेलो आणि येताना वॉटरपार्क केला' असं वाक्य मोठ्यांपुढं टाळावं. डोंगर पर्यटनात मोडत नाही.

'फॉल'ही सांभाळून. गोकाकचा धबधबा, घटप्रभेवरचा, सुमारे ५२ मीटरचा, बोलण्यात 'गोकाक फॉल'. 'फॉल बघायला जाऊ' हे वाक्य जून ते सप्टेंबरचं. मेमध्ये तिथं बहुतेक काळा खडकच बघायला मिळतो. उन्हाळ्यात गोकाकला जायचं ते झुलत्या पुलासाठी आणि करदंटासाठी. करदंट म्हणजे डिंक, गूळ, सुकामेवा, उन्हात टिकतो. बेळगावचा कुंदा खव्याचा, तो गाडीच्या डिकीत ठेवू नये, आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. पावण्यांना द्यायचा असेल तर पहिल्या मुक्कामाला कुंदा आणि शेवटच्याला करदंट, उलटं केलं तर शेवटच्या घरी आंबट डबा पोचतो.

मेमध्ये आमच्याकडं या. हलशीला, म्हणजे कदंबांच्या पलाशिकेला, भूवराह नरसिंहाचं मंदिर आहे, सकाळी नऊच्या आत उरकावं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. वाटेत करवंदं, जांभळं, फणस. बरोबर 'बुत्ती' घ्या. हा कन्नडातून आलेला, तिकडं बुत्ती म्हणजे प्रवासाची शिदोरी. आपल्याकडं अर्थ आटून बहुतेक घरी 'बुत्ती' म्हणजे दही-भातच राहिला. सकाळी भात गार करून त्यात दूध जास्त आणि दही चमचाभर घालायचं, म्हणजे दुपारपर्यंत ते आपोआप लागतं. सुरुवातीलाच दही ओतलं तर बारा वाजता डबा उघडवत नाही.

शहापूरच्या बाई

मजकूर असा करा :

"मामा, आत्ती, काका, सगळ्यांना नमस्कार. आम्ही जोडीनं १० ते १६ मे तिकडं फिरायला येतोय. रविवारी बेळगावात किल्ला आणि कमल बस्ती बघून काकांकडं वस्तीला. सोमवारी खानापूर, हलशी, मामांकडं दोन दिवस राहायला. बुधवारी डोंगराला जाऊन येतो. गुरुवारी संकेश्वरला मावशीकडं फक्त तोंड दाखवून पुढं."

'भेट देऊ' काढलं. भेट मंत्री देतात.

मास्तर, चिकोडी

बाई, बाकी सगळं बेस. फक्त मावशीच्या ओळीतला 'फक्त' काढा. आणि काकांचं नाव आत्तीच्या आधी घ्या, पहिली वस्ती त्यांच्याकडं आहे.